केळवणाला आलेली कोलंबियाची पाहुणी

माझी मुलगी माझ्या डोळ्यांदेखत उपाशी मरत होती आणि जो येईल तो तिचं कौतुक करत होता. ‘काय मस्त बारीक झालीस गं!’ ‘लग्नाचं तेज चढलंय बरं का!’ तेज कसलं डोंबलाचं! अंगात रक्त नव्हतं म्हणून पोर पांढरी पडली होती. पण आपल्याकडे पांढरी पडली की उजळली म्हणतात. सावळ्या मुलीच्या बापाने हे ऐकून वर हसायचं असतं. मी हसत होतो.

मी खडकीच्या कारखान्यातून रिटायर झालेला माणूस. सगळं आयुष्य क्वार्टरमध्ये गेलं. बायको गेली, नोकरी संपली, मग पुण्याच्या कडेला मांजरीला फ्लॅट घेतला, कारण पोरीचं ऑफिस खराडीला. खिडकीतून थोडा ऊस दिसतो, बाकी बिल्डिंगाच बिल्डिंगा. घरात आम्ही दोघंच. बायको असती तर हे सगळं झालंच नसतं. तिने पोरीला आतल्या खोलीत नेलं असतं, दार लावून घेतलं असतं आणि काय ते बोलून मोकळी झाली असती. बापाला ते जमत नाही. मुलगी मोठी झाली की तिच्या पोटाबद्दल, कमरेबद्दल बापाने तोंड उघडायचं नसतं. हा कायदा कुणी केला कोण जाणे, पण मी तो मोडू शकलो नाही. कारखान्यात साहेबांच्या तोंडावर बोलणारा मी, घरात स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून नुसता म्हणायचो, ‘बाळा, जेवलीस का?’ ती म्हणायची, ‘जेवले, पप्पा.’ झालं. संपलं बोलणं.

कॉलेजात तिच्या सगळ्या मैत्रिणी जर्मन शिकल्या, म्हणून ही स्पॅनिश शिकली. हट्टीपणा माझाच. नोकरी लागली त्या कंपनीचं गिऱ्हाईक होतं कोलंबियातलं. ते काय विकतात, तर बायकांचे अंग आवळणारे पट्टे. पट्टा म्हणजे नुसती पट्टी नव्हे. छातीखालून मांडीपर्यंतचं जाड रबरी कापड, पुढे हुकांच्या रांगा. कोलंबिया, मेक्सिको, इक्वेडोर, कुठून कुठून बायका फोन करणार आणि माझी मांजरीची पोर त्यांना सांगणार की तुम्हाला अमुक साइज बसेल, ऑपरेशननंतर इतके दिवस घाला. मी एकदा विचारलं, ‘ऑपरेशन कसलं?’ म्हणाली, ‘पोटाची चरबी काढतात, पप्पा, आणि मागे भरतात.’ मी म्हटलं, ‘मागे म्हणजे?’ ‘पप्पा, जाऊ द्या ना.’ मी जाऊ दिलं.

तिकडून कुणी साहेब-मॅडम आले की हिला दुभाषी म्हणून बसवायचे. त्याचा तिला फार अभिमान. दुभाष्याचे नियम तिने मला जेवताना शिकवले होते. समोरचा ‘मी’ म्हणाला की आपणही ‘मी’ म्हणायचं. त्याचं काही गाळायचं नाही, आपलं काही घालायचं नाही. त्याने शिवी दिली तर शिवीसुद्धा जशीच्या तशी. मी म्हटलं, ‘मग तुझी आत्या या कामाला जन्मात लागायची नाही.’ माझी बहीण एक वाक्य ऐकते आणि चार सांगते.

तिची शिफ्ट संध्याकाळची, त्यामुळे दुपारी आम्ही एकत्र जेवायचो आणि समोर लॅपटॉपवर तिकडची मालिका. भाषा सुधारते म्हणे. ती मला जागच्या जागी मराठीत सांगायची. मला मजा यायची, खोटं कशाला बोलू? नायिका गरीब, चष्मेवाली, केसांचा अंबाडा. एक दिवस तिचा चष्मा काढतात, केस सोडतात, कंबर आवळतात आणि लगेच मालक प्रेमात! मी म्हणायचो, ‘अगं, तुझ्या आईने जन्मभर चष्मा लावला. मग मी काय आंधळा होतो?’ पोरगी ठसका लागेपर्यंत हसायची. तेव्हा ती भाकरी खायची, ठेचा खायची, वरून माझ्या ताटातलं ऑम्लेट पळवायची.

त्या मालिकेत घरची मालकीण दुधासारखी गोरी आणि भांडी घासणारी बाई आमच्या रंगाची. मी म्हटलं, ‘हे तर आपल्यासारखंच की!’ ती म्हणाली, ‘पप्पा, तिकडे आणखी वाईट आहे. इकडे नुसतं गोरं असलं की भागतं. तिकडे गोरंही पाहिजे, कंबर मुठीत मावेल अशी पाहिजे आणि कमरेखाली भरलेलंही पाहिजे.’ आता असं शरीर आणायचं कुठून? आई-बाप तर देत नाहीत. डॉक्टर देतो, नाहीतर पट्टा देतो. ती हे हसत सांगायची. फोनवरच्या बायकांची तिला कीव यायची. ‘बिचाऱ्या हो, पप्पा,’ असं म्हणायची.

मग तिचं लग्न ठरलं. मुलगा चांगला, त्याच्या घरचे चांगले. हिच्या दिसण्याबद्दल तिकडून कुणी अवाक्षर काढलं नाही. हे मुद्दाम सांगतो, नाहीतर लोक लगेच सासरच्यांवर खापर फोडून मोकळे होतात. हिच्याच डोक्यात काहीतरी बसलं होतं. आमच्यात, बौद्धांत, नवरी पांढऱ्या साडीत उभी राहते. ‘पांढऱ्यात सगळं दिसतं, पप्पा,’ एवढंच ती म्हणाली, आणि थोड्याच दिवसांत तो पट्टा मला बाथरूमच्या खुंटीवर दिसला. मी लाजून मान वळवली. आजही ती खुंटी बघितली की स्वतःचा राग येतो.

पुढे तो खुंटीवर दिसेना, कारण तो तिच्या अंगावरच असायचा. ऑफिसात, घरात, झोपतानासुद्धा. चमचा खाली पडला तर वाकून उचलता येईना. श्वास घ्यायची तो वरच्यावर, तोकडा. भाकरी सुटली, भात सुटला, मग दुपारचं जेवणच सुटलं. मालिका चालू असायची आणि ती ताटात बोटाने वरण फिरवत बसायची. एक दिवस बिल्डिंगच्या जिन्यात मटकन बसली ती उठेचना. शेजाऱ्यांनी आणि मी धरून वर आणली. तिच्या दंडाला माझा हात लागला. लहानपणी कडेवर घेतलेल्या पोरीचा दंड बापाला ठाऊक असतो हो. हा तो नव्हता.

डॉक्टरकडे नेलं. ते म्हणाले, हिमोग्लोबिन कमी आहे, लग्नाचं टेन्शन असतं, गोळ्या लिहून देतो. पट्ट्याचं मी बोलणार होतो, पण ती शेजारच्या खुर्चीत बसली होती आणि माझी जीभ रेटेना. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! गोळ्या घेऊन घरी आलो. गोळ्यांनी पोट फुगतं म्हणून तिने त्याही टाकून दिल्या.

आणि यात केळवणं सुरू झाली. केळवणाची रीत सगळ्यांना माहीत आहे. नवरीने ‘नको, नको’ म्हणायचं आणि वाढणारीने वाढायचं. तिच्या ‘नको’ला कुणी विचारत नाही. उलट जेवढी नको म्हणेल तेवढी गुणाची. माझी पोर खरंखुरं नको म्हणत होती, हात जोडत होती, डोळ्यांत पाणी येत होतं तिच्या, आणि बायका म्हणत होत्या, ‘लाजतेय गं, घाल अजून एक!’ ती हसून खायची. मग हात धुवायला जायची. आतून नळ मोठा सोडल्याचा आवाज यायचा. त्या आवाजाखाली दुसरा आवाज असायचा तो मला एकट्याला कळायचा. ती बाहेर आली की डोळे लाल, ओठ पुसलेले. ‘किती गोड दिसतेय!’ कुणीतरी म्हणायचंच. प्रत्येक केळवणाला हेच. मला वाटायचं ताट उधळून द्यावं आणि ओरडावं, अरे, मरतेय ती!

बहिणीशी बोललो. ती म्हणाली, ‘दादा, लग्नाआधी सगळ्याच पोरी करतात हल्ली. एकदा सासरी गेली की सुटेल आपोआप.’ पोट सुटेल असं तिला म्हणायचं होतं. मी फोन आपटला.

त्याच सुमारास कोलंबियाची मॅडम ट्रेनिंगला पुण्यात आली. दिवसभर माझी मुलगी तिच्याबरोबर. घरी आली की ‘मॅडम असं म्हणाल्या, मॅडमनी तसं घातलं होतं’. फोटो दाखवला मला. पन्नाशीची बाई, पण काय तो थाट! केस मोकळे, टाचा उंच, कंबर ही एवढीशी. मी मनात म्हटलं, हीच ती. हिनेच माझं घर बुडवलं. रात्रंदिवस शिव्या घातल्या मी त्या बाईला. मग एकदा डोक्यात आलं, अरे, पोरगी बापाचं ऐकत नाही, डॉक्टरचं ऐकत नाही, आत्याचं ऐकत नाही. हिचं ऐकते. मग हिच्याच पाया पडायचं. लाज गेली खड्ड्यात.

पुढच्या रविवारी दुपारी बहिणीकडे खडकीला केळवण होतं. मी पोरीला म्हटलं, ‘तुझ्या मॅडमना आण. आपलं जेवण दाखवू.’ ती हरखून गेली. मला वाटलं, आज काय तो सोक्षमोक्ष.

मॅडम आली. बहिणीने ताटाभोवती रांगोळी काढली होती, दोघींना ओवाळलं. पुरणपोळी, कटाची आमटी, भजी, तुपाची वाटी. माझ्या बहिणीला इंग्रजी येत नाही, माझं इंग्रजी कारखान्यातलं, ओके आणि नॉट ओके यापुढे जात नाही, आणि मॅडमचंही माझ्यासारखंच. त्यामुळे मधे पोरगी. मॅडम खुर्चीत एका बाजूला कलंडून बसली होती. मी म्हटलं, तोरा बघा बाईचा, धड बसतसुद्धा नाही. पण जेवली मात्र झकास. हाताने, बोटं चाटत. आणि तिच्या शेजारी माझी लेक पोळीचे तुकडे करत होती, तुकड्यांचे तुकडे करत होती आणि एकही तोंडात जात नव्हता.

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? मी म्हटलं, ‘बाळा, मॅडमना विचार, तुमच्याकडे लग्नाआधी मुलीला उपाशी मारतात का?’

तिचा हात थांबला. ‘पप्पा, हे मी नाही विचारणार.’

‘का? दुभाषी आहेस ना तू? गाळायचं नाही, घालायचं नाही, तूच सांगितलंस. विचार. आणि सांग, माझी मुलगी जेवत नाही. जेवली तर ओकते. तुमचा पट्टा ती रात्री पण काढत नाही. ती तुमचं ऐकते. मी बाप आहे, मला तिच्याशी हे बोलता येत नाही. तुम्ही बोला. मी हात जोडतो.’ आणि मी खरंच हात जोडले, त्या बाईपुढे.

पोरीने माझ्याकडे बघितलं नाही. समोरच्या भिंतीकडे बघत, एका सुरात, तिने ते स्पॅनिशमध्ये सांगितलं. सगळं सांगितलं असावं, कारण मॅडमने हातातली पोळी खाली ठेवली. मग ती बाई बोलायला लागली. बोलली, बोलली, हातवारे केले, एकदा डोळे पुसले. थांबली तेव्हा पोरगी म्हणाली, ‘त्या म्हणतात, पोळी फार छान झालीय.’

‘एवढं बोलली ती, आणि एवढंच? मला बावळट समजतेस का? नियम काय आहे?’

बहीण गरम पोळी घेऊन दारात येऊन उभी राहिली होती. ‘दादा, आवाज कमी कर,’ म्हणाली. मी केला नाही. मॅडमने पोरीच्या मनगटावर हात ठेवला आणि दोन शब्द बोलली. मग परत पहिल्यापासून सांगू लागली, एकेक वाक्य, आणि पोरगी ऑफिसातल्या आवाजात मराठीत सांगू लागली.

‘मी घरात सगळ्यात काळी. माझी आजी म्हणायची, गोऱ्याशी लग्न कर, म्हणजे वंश सुधारेल. आमच्याकडे मुलगी पंधरा वर्षांची झाली की मोठा सोहळा करतात, लग्नासारखा. माझ्या शेजारच्या मुलीला तिच्या वडिलांनी त्या दिवसाची भेट म्हणून ऑपरेशन करून दिलं. आम्ही सगळ्या जळलो तिच्यावर. माझ्या वडिलांकडे पैसे नव्हते. मी मोठी झाल्यावर एका पार्लरमध्ये स्वस्तातली इंजेक्शनं घेतली, मागे. सहा महिने मी फार सुंदर दिसले. रस्त्यात लोक वळून बघायचे. मग ते औषध आत पसरलं. कमरेत गेलं, मांडीत गेलं. आता ते निघत नाही. मला सरळ बसता येत नाही. दुखणं रोजचं आहे. मी पट्टे विकते, कारण मला दुसरं काही येत नाही. फोनवर बायका विचारतात, मॅडम, तुम्ही सुंदर आहात का? मी हो म्हणते.’

मी खाली मान घातली. ज्या बाईला महिनाभर शिव्या घातल्या ती माझ्यासमोर कलंडून बसली होती, आणि तिला बसताच येत नव्हतं. मॅडम थांबली. तिने ताकाचा पेला उचलला आणि पिऊ लागली.

पण पोरीचा आवाज थांबला नाही. तोच ऑफिसातला आवाज, भिंतीकडे बघतच.

‘मला भूक लागते. लागत नाही असं नाही. सारखी लागते. मी फोनवर लोकांचे जेवतानाचे व्हिडिओ बघते आणि पाणी पिते. सगळे म्हणतात छान दिसतेस, तेव्हा मला वाटतं अजून थोडं. पट्टा काढला की मी सगळीकडे सांडतेय असं वाटतं. मला भीती वाटते. आई असती तर तिला सांगितलं असतं.’

मॅडमचा पेला खाली आला. ती माझ्याकडे बघत होती, बहिणीकडे बघत होती, काय झालं म्हणून. तिला मराठी कुठून कळणार? बहिणीच्या हातातली पोळी तशीच हातात. ‘अगं बाई गं,’ एवढंच तिच्या तोंडून निघालं. मला उठून पोरीला जवळ घ्यायचं होतं.

मग तिने भिंतीवरची नजर काढली आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. ‘पप्पा, तुम्ही सांगा. खरं सांगा. मी कशी दिसते?’

शब्द निवडत बसलो असतो तर पुन्हा गप्प झालो असतो, म्हणून जे डोळ्यांना दिसत होतं ते बोललो. ‘हाडं दिसतात गं तुझी,’ मी म्हटलं. ‘गळ्याखालची, मनगटाची, सगळी हाडं दिसतात. तोंडावर नुसते डोळे उरलेत. तू झोपलीस की मी बघायला येतो, श्वास चालू आहे की नाही ते. काही राहिलं नाही गं तुझ्या अंगावर. काही म्हणजे काही राहिलं नाही.’

मला वाटलं, आता रडेल. माझ्या गळ्यात पडेल. निदान चिडेल तरी. ती माझ्याकडे बघत राहिली आणि तिचा चेहरा हळूहळू खुलला. किती महिन्यांत असा खुलला नव्हता.

‘खरंच, पप्पा?’ ती म्हणाली.